नखं खाणाऱ्या मुलांसाठीचं कडू पॉलिश: हाताने जेवणाऱ्या घरातला अनुभव

चिपळूणला आमचं मेडिकल आहे. नखं खाणाऱ्या मुलांच्या नखांना लावायचं कडू पॉलिश मी काउंटरवरून विकते, आणि गेल्या वर्षी ते माझ्या सहा वर्षांच्या लेकीलाही लावलं. तिला आम्ही घरात बाय म्हणतो. म्हणजे विकणारी मीच आणि वापरणारीही मीच. हे आधीच सांगते, वाचताना लक्षात असू द्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडे या प्रकारच्या तीन-चार बाटल्या येतात, काही देशी, एखादी आयात केलेली. किंमत दोन-तीनशेपासून पुढे. मागचं लेबल वाचलंत तर कडूपणा आणणारा पदार्थ बहुतेक बाटल्यांत एकच सापडेल, डेनॅटोनियम बेंझोएट. तेव्हा मी जे लिहितेय ते या पदार्थाबद्दल आणि तो आपल्या घरात कसा वापरावा याबद्दल.

हा पदार्थ १९५८ साली एडिंबरातल्या मॅकफार्लन स्मिथ या कंपनीत सापडला. तिथे लिग्नोकेनच्या जातीच्या औषधांवर काम चालू होतं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत टोचतात ते बधिर करणारं औषध. शोधत होते भुलीचं औषध आणि हाती लागला जगातला सगळ्यात कडू पदार्थ. गिनेस बुकात त्याची तशी नोंद आहे. पाण्याच्या दहा लाख भागांत याचे दहा भाग असले तरी माणसाला ते पाणी तोंडात धरवत नाही. कुणी पिऊ नये म्हणून तो औद्योगिक स्पिरिटमध्ये घालतात, गाडीच्या अँटिफ्रीझमध्ये घालतात. २०१७ साली आलेल्या निन्टेंडो स्विच या व्हिडिओ गेमच्या यंत्राच्या बोटाच्या पेराएवढ्या कार्डांवरही तो लावलेला असतो, पोरांनी ती गिळू नयेत म्हणून.

हे ऐकलं की आया दचकतात. कडू म्हणजे विषारी असं नसतं, आणि नखावरच्या थरात याचं प्रमाण अगदी थोडं असतं. मला या कडू पदार्थापेक्षा बाटलीतल्या बाकीच्या द्रवाची काळजी जास्त वाटते. बहुतेक बाटल्यांत साध्या नेलपॉलिशसारखंच इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट असं काहीतरी असतं. त्याला उग्र वास असतो आणि ते चटकन पेट घेतं. म्हणून देवघरात समई लावलेली असताना, गॅसजवळ, उदबत्तीजवळ लावायला बसू नका. खिडकी उघडी ठेवा. मुलाला दमा असेल तर ते समोर बसून श्वासात घेणार नाही असं बघा. आणि बाटली उंचावर ठेवा. नखाला लावलेलं वेगळं आणि मुलाने बाटली तोंडाला लावली तर ते वेगळं.

आता मुख्य गोष्ट. सूचना साधारण अशी असते: स्वच्छ, कोरड्या नखांवर एक थर द्या, वाळू द्या, एक-दोन दिवसांनी पुन्हा लावा. काट्या-चमच्याने जेवणाऱ्या घरात एवढी सूचना पुरते. आपल्याकडे वरणभात कालवायचा तो हाताने, भाकरी मोडायची हाताने, बांगड्यातला काटा काढायचा तोही बोटांच्या शेंड्यांनी. पॉलिश कितीही वाळलेलं असो, गरम ओल्या भातात बोटं फिरली की त्याचा अंश घासात उतरतोच. आमच्या बायने पहिल्या दिवशी आमटीभाताचा घास तोंडात घातला आणि ताट सारलं. तिला आमटीचाच राग आला. दुसऱ्या दिवशी ती विचारत होती, आज पण कडू आमटी आहे का? माझ्याकडे गिऱ्हाईक नाराज होऊन येतं ते बहुतेक याच कारणाने. 'वहिनी, नखं खायचं थांबलं नाही ते नाहीच, वर मूल जेवायचं थांबलं.' बाटलीवर ही गोष्ट ठळक लिहायला हवी. आपल्या देशात विकायच्या बाटलीवर तरी हवीच.

आम्ही जमवलं ते असं. उजव्या हाताला पॉलिश लावायचंच नाही. जेवणाचा हात मोकळा ठेवायचा आणि फक्त डाव्या हाताची पाच नखं रंगवायची. मूल डावरं असेल तर उलटं. मला वाटलं होतं की डावा हात कडू झाल्यावर सगळी भूक उजव्यावर निघेल. थोडी निघालीही, पण वाटली होती तेवढी नाही. डाव्या हाताची नखं बोटाच्या टोकापर्यंत आली तेव्हा बायला दोन्ही हात शेजारी ठेवून फरक दिसला आणि उजव्याची काळजी ती आपली आपण घ्यायला लागली. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही सगळ्या नखांऐवजी एका वेळी काहीच नखं घेऊन सवय सोडवायला सुचवते, आधी अंगठे, मग पुढची बोटं. आमच्याकडे कारण जेवणाचं होतं, पण वाट तीच निघाली.

आईसाठी एक सूचना. पॉलिश लावून झालं की कणीक मळायला जाण्याआधी आपली बोटं साबणाने नीट घासा. नाहीतर घरातल्या सगळ्यांच्या पोळ्या कडू होतील.

बाय नखं खायची ती दोन वेळांना. एक टीव्हीसमोर. डोळे पडद्यावर, आणि दाताखाली करकर आवाज. दुसरी वेळ रात्रीची, पावसाचा जोर वाढला की. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. तिला त्यातलं काही आठवत असेल असं मला वाटत नाही. पण त्या वर्षापासून पावसाने धरलं की आमच्या घरातली मोठी माणसं दुसरं काही बोलतच नाहीत. पाणी कुठवर आलंय, दुकानातले खालचे खण रिकामे करायचे का, फ्रीजमधलं इन्सुलिन कुठे हलवायचं. पोर अंथरुणात पडून हे सगळं ऐकतं.

टीव्हीसमोरच्या खाण्यावर पॉलिशने चांगलं काम केलं, मी मनापासून सांगते. बोट ओठाला लागलं की कडू, की हात खाली. या सवयीत मुलाचा हात तोंडाकडे जातो तेव्हा त्याला ते कळतच नाही. आपण ओरडतो, मूल दचकतं, हात काढतं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. त्यात मुलाचा हट्ट नसतो. पॉलिश त्याला नेमक्या त्या क्षणाला कळवतं, आणि आईचा आवाज त्यात कुठे येत नाही. आमच्या घरात दिवसभर चालणारं 'हात काढ, हात काढ' यामुळे बंद झालं, हा मला या बाटलीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सवयी सोडवण्याची एक पद्धत मांडली. आजही मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ ती वापरतात. तिचा एक भाग हा की सवय कधी आणि कशी होते ते ज्याचं त्याला दिसायला हवं. दुसरा भाग असा की त्याच क्षणी हाताला असं काही काम द्यायचं की ती सवय करताच येणार नाही. पॉलिश पहिल्या भागाला मदत करतं. दुसरा भाग कुठल्याच बाटलीत मिळत नाही, तो घरच्यांनी द्यायचा. आम्ही मूठ आवळायची ठरवली. कडू लागलं की अंगठा आत घालून मूठ मिटायची आणि सावकाश वीसपर्यंत मोजायचं. बायने त्याला कासव म्हटलं, कासव मान आत घेतं तसा अंगठा आत. टीव्हीसमोर तिच्या हातात सासूबाई वाल सोलायला देतात. भिजवून मोड आणलेले वाल, त्यांची सालं काढायची. डाळिंब्यांची उसळ व्हायची असते त्या दिवशी नखांची आठवणही होत नाही. नुसतं पॉलिश लावून सोडून दिलंत तर आठवड्याभरात मूल त्या चवीला सरावेल. कितीतरी मुलं सरावतात, मी काउंटरवर ऐकत असते.

पावसाच्या रात्री मात्र पॉलिशचा काही उपयोग झाला नाही. ती कडू चव सोसून खायची. एकदा डोळ्यांत पाणी आणि बोट तोंडात, असं तिला पाहिलं आणि पावसाचा जोर असेल त्या दिवसांत ते लावायचं मी बंद केलं. भ्यालेलं पोर हात तोंडात घालतं ते आधार म्हणून. तिथेही त्याला कडूच मिळावं हे मला पटलं नाही. त्यावर उपाय आम्ही वेगळा केला. वाशिष्ठीची पातळी आज इशारा पातळीच्या किती खाली आहे ते आमचे हे तिला रोज संध्याकाळी मोबाइलवर दाखवतात आणि आकडा तिच्याकडूनच वाचून घेतात. दुकानाच्या खणांची बोलणी ती झोपल्यावर होतात. आणि सासूबाई तिचा हात हातात घेऊन झोपतात. नखं त्या रात्री थोडी खाल्ली जातात, पण पूर्वीसारखं रक्त येईपर्यंत नाही.

म्हणून बाटली मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, मूल नखं कधी खातं? टीव्ही बघताना, गाडीत कंटाळून, गृहपाठ करताना विचारात, असं उत्तर आलं तर बाटली देते. शाळेत जायच्या आधी, घरात भांडण झाल्यावर, नवीन भाऊ आल्यापासून, असं आलं तर म्हणते की थोडं थांबा, आधी त्या गोष्टीकडे बघा.

घरगुती कडू उपायांबद्दल बोलायलाच हवं, कारण आमच्या घरातही पहिलं वाक्य तेच आलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, विकतचं कशाला आणतेस? कारल्याचा रस चोळ." कारल्याच्या रसाने नुकसान काही नाही. फक्त तो टिकत नाही, एकदा हात धुतला की गेला. पण बाकी काही उपाय मी कुणालाही करू देणार नाही. मिरची तर कधीच नको. मूल तेच बोट डोळ्याला लावतं, नाकात घालतं, आणि मग जी आग होते ती आईला बघवत नाही. काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक, पूर्वी पोराचं अंगावरचं दूध तोडायला लावायचे. तो पोटात गेला की जुलाब होतात, रेचकच आहे तो. आणि कडुलिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात जाणं सरळ धोक्याचं आहे. त्याने लहानग्यांना उलट्या, झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी असं धरून चालू नका.

सासूबाईंचाच एक उपाय मात्र पॉलिशपेक्षा सरस ठरला. मेंदी! चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आधी त्यांनी बायच्या दहाही नखांवर ओली मेंदी थापली. कातडीवरचा रंग गेला, नखांवरचा राहिला, कारण नखात चढलेला मेंदीचा रंग धुतला जात नाही, नखाबरोबर वर सरकत जातो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. तीन आठवड्यांत मुळाशी पांढरी पट्टी दिसायला लागली आणि बाय रोज सकाळी ती बघायची. लाल भाग वर चाललाय, म्हणजे माझं नख वाढतंय. खाल्लेली नखं वाढतच नाहीत असं तिला वाटायचं, ते डोळ्यांसमोर खोटं ठरलं. शाळेत नेलपॉलिश चालत नाही, मेंदी चालते. मेंदी हिरव्या पाल्याची किंवा खात्रीच्या साध्या पावडरीची घ्या. झटपट चढणारी काळी मेंदी मुलांना लावू नका, तिच्यात पीपीडी नावाचं केस काळे करायचं रसायन असू शकतं आणि त्याने कातडीला फोड येतात. घरात कुणाला जी-६-पी-डी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर साधी मेंदीही डॉक्टरांना विचारूनच.

नखं कापण्याकडेही लक्ष द्या. खाल्लेल्या नखाची कड खरबरीत असते. ती जिभेला, दुसऱ्या बोटाला लागते आणि मूल पुन्हा ती सरळ करायला दात लावतं. दर दोन-तीन दिवसांनी बारीक फायलरने कड गुळगुळीत करायची, आणि नखाच्या बाजूची कोरडी सालपटं निघत असतील तिथे रात्री खोबरेल तेल चोळायचं. पॉलिशइतकाच हा भाग महत्त्वाचा आहे आणि त्याला वीस रुपयांचा फायलर पुरतो. नखाच्या बाजूला चीर असेल, सोलवटलेलं असेल तर तिथे पॉलिश लावू नका, झोंबतं. आधी ती जागा बरी होऊ द्या. बोट लाल होऊन ठणकायला लागलं, नखाच्या कडेला पू दिसला तर ते नखुरडं आहे. ते घरी फोडायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

आणि जंत. नखं खाणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी हे प्रत्येक आईला सांगते, बाटली घेवो न घेवो. सुतासारखे बारीक पांढरे कृमी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात, तिथे खाज सुटते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखाखाली जातात आणि सकाळी नखं खाताना परत पोटात. हे चक्र असं स्वतःच स्वतःला चालवतं. मूल रात्री खाजवत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरातल्या सगळ्यांनी एकदमच औषध घ्यावं लागतं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. ती चुकवू नका. गोळी चघळून खायची असते.

पॉलिशच्या परिणामाबद्दल कागदोपत्री काय आहे तेही सांगते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९३ साली डेनॅटोनियम बेंझोएट आणि सुक्रोज ऑक्टाॲसिटेट हे दोन्ही कडू पदार्थ 'नखं खाणं थांबवणारं औषध' म्हणून चिठ्ठीशिवाय विकायला नाकारलं, कारण परिणामाचा पुरावा पुरेसा नव्हता. म्हणून खोक्यावर 'हमखास' किंवा 'सात दिवसांत फरक' असं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. माझ्या काउंटरवरचा अनुभव असा की ज्या मुलाला स्वतःला नखं वाढवायची असतात त्याला याचा उपयोग होतो. बायला गौरीच्या सणाला आत्याच्या हातासारखा आपला हात दिसावा असं वाटत होतं. बाटली मी तिच्यासमोर फोडली, काय आहे ते सांगितलं, जिभेच्या टोकाला लावून मी आधी चव घेतली आणि मग तिला विचारलं, लावूया का? ती हो म्हणाली. मूल झोपलेलं असताना गुपचूप लावणारे पालक मला माहीत आहेत. सकाळी उठून मुलाच्या तोंडात ते जातं तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग ते कुठलंही औषध आपल्या हातून सहज घेत नाही.

काही बारीक गोष्टी राहिल्या. रंग पूर्ण पारदर्शक आहे, त्यामुळे मुलग्यांनाही चालतं. 'पोराला नेलपॉलिश?' म्हणणाऱ्या बाबांना मी माझ्या नखावर लावून दाखवते, दिसतच नाही. एक बाटली पाच नखांना दोन-तीन महिने सहज जाते. झाकण घट्ट लावलं नाही तर आतलं दाट होतं आणि मग नखावर त्याचे पापुद्रे निघतात, ते मूल खरवडतं. थर पातळच द्या. काढायला साधा रिमूव्हर लागतो. नखं आधीच नाजूक झालेली असतात, म्हणून वरचेवर काढू नका, आपसूक जाऊ द्या. गणपतीत मात्र मी ते आदल्या रात्री पूर्ण काढलं होतं. वर्षातून एकदा उकडीचा मोदक हातात येतो, तो मुलाला कडू लागावा असं मला वाटत नव्हतं. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं, तिचे हात खेळण्यात गुंतलेले होते, आणि पॉलिश नसतानाही नखं जागच्या जागी राहिली.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी कुणी मागितलं तर मी देत नाही. त्या वयात हात तोंडात जाणारच, आणि बरेच लेबलवालेही तीन वर्षांच्या खाली लावू नका असंच लिहितात. अंगठा चोखण्यासाठी मागितलं तर आधी वय विचारते. चारेक वर्षांपर्यंत बहुतेक मुलं तो आपसूक सोडतात. नखांबरोबर केसही उपटून खात असेल, किंवा बोटांतून वरचेवर रक्त येत असेल, तर बाटली बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. बाकीच्यांना देते, बरोबर फायलर देते, आणि विचारते, मूल कुठल्या हाताने जेवतं?